विजेचे एक चित्र

आमच्या शाळेच्या फाटकातून आत शिरताना डाव्या हाताला एक लोखंडी चौकट उभी आहे. तीत ताणून बसविलेल्या फ्लेक्सवर विजेचे एक चित्र आहे. ते आम्ही काढलेले नाही. चित्रकलेशी आमचा संबंध फळ्यावर नद्यांचा नकाशा काढण्यापलीकडे कधी गेला नाही. परंतु ते कसे तयार झाले याची हकीकत आम्हांस ठाऊक आहे आणि तीत आमचा वाटा थोडा नाही, म्हणून ती येथे सांगण्याचे योजिले आहे.

चौकट मूळची २०१९ सालची. आमचे गाव इंदुरापासून तासाभराच्या वाटेवरचे. भोवती काळी माती, सोयाबीन, आणि निम्मी मुले दूरच्या वस्त्यांवरून पायी येणारी. त्या वर्षीच्या जुलैत एका दुपारी पश्चिमेकडून आभाळ काळेभोर भरून आले. पाऊस कोसळण्यापूर्वी मुले घरी पोहोचावीत या हेतूने आम्ही शाळा तासभर आधी सोडली. घंटा देण्यास शिपायाला आम्हीच सांगितले. आठवीतील एक मुलगा आणि त्याचे दोघे सोबती अर्ध्या वाटेवर असताना सर आली. सोबती भिजत पळत सुटले. याने दप्तर भिजू नये म्हणून बांधावरच्या चिंचेचा आसरा घेतला. वीज त्या चिंचेवर पडली.

पुढे पंचनामा झाला, कुटुंबाला शासनाकडून मदतीची रक्कम मिळाली, आणि शाळा आधी सोडल्याबद्दल आम्हांस कोणी बोल लावला नाही. गावकरीही म्हणाले की गाज कोठे पडेल ते कोणाच्या हाती असते? ही समजूत घालणारी माणसे निघून गेली की रात्री घंटेचे टोल तेवढे कानांत राहत. असो.

त्याच ऑगस्टात आम्ही तालुक्याच्या गावाहून एक रंगारी बोलावला आणि ही चौकट करवून तीत पत्रा बसविला. पत्र्यावर काळा ढग, ढगातून निघालेली करवतीच्या दातांसारखी लालभडक वीज, खाली हिरवे झाड आणि झाडावर मोठी फुली. वर हिंदीत ‘सावधान’. पैसे शाळेच्या किरकोळ निधीतून दिले आणि एक कर्तव्य पार पडल्याचे समाधान मानले. मग २०२० साल आले. शाळा बंद, मुले घरी, आम्ही मोबाइलवर व्याकरण शिकवीत बसलो. पत्रा उन्हापावसात उभा होता.

२०२२ च्या पावसाळ्यात एके दिवशी सहावीच्या मुलांना घेऊन आम्ही त्या पत्र्यासमोर उभे राहिलो आणि विचारले, हे चित्र काय सांगते? एक चुणचुणीत मुलगी तत्परतेने म्हणाली, “डीपी को हाथ नहीं लगाना, सर.” इतरांनी माना डोलावल्या. आम्ही आधी हसलो. मग फाटकाबाहेरच्या रोहित्राकडे लक्ष गेले. खांबावर कवटीचे चित्र आणि तिच्याशेजारी तसाच लाल, करवतीच्या दातांचा बाण! मुलीचे काही चुकले नव्हते. तिने जन्मापासून पाहिलेली ती खूण होती आणि त्या खुणेचा अर्थ तिने बरोबर सांगितला होता. तिच्या हिंदीत ढगातली तीही बिजली आणि तारेतली तीही बिजली. आपल्या मराठीतही दोन्ही वीजच. तीन वर्षे आमचा फलक मुलांना भलतीच सूचना देत उभा होता.

तेव्हापासून विजेचा खरा आकार कसा असतो, या प्रश्नाने आम्हांस पछाडले. वाचताना कळले की हा दोष आमच्या रंगाऱ्याचा एकट्याचा नाही. वाफेचा घण तयार करणारा प्रसिद्ध अभियंता जेम्स नॅस्मिथ याने १८५६ मध्येच ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या सभेत तक्रार मांडली होती की चित्रकार काढतात तशी कोनाकोनांची वीज आपण आकाशात कधी पाहिली नाही. हा आकार प्राचीन शिल्पांतील देवाच्या वज्रावरून चालत आला असावा. पुढे १८८२ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी विल्यम जेनिंग्ज याने विजेचे छायाचित्र टिपले, पहिल्यांपैकी एक म्हणून ते ओळखले जाते. त्यात करवतीचे दात नव्हते; होत्या त्या फांद्याच फांद्या.

मराठीच्या मास्तराला याचे नवल वाटण्याऐवजी लाज वाटायला हवी होती. ‘विद्युल्लता’ हा शब्द आम्ही तीस वर्षे उच्चारीत आलो. लता! ज्यांनी हा शब्द घडविला त्यांनी वर मान करून नीट पाहिले होते, हे उघड आहे. आम्ही मात्र त्याचा समास सोडवून मोकळे झालो. वेल कोठे आहे हे पाहण्यास आभाळाकडे गेलो नाही.

दिवाळीच्या सुटीत इंदुरास धाकट्या बंधूंकडे जाणे झाले. त्यांची कन्या संगणकावर चित्रे काढते. संगणकीय खेळांत मागे जे डोंगर, वाडे, जंगले दिसतात ती काढणे हा तिचा व्यवसाय. ज्या शहरात देवळालीकर मास्तरांनी बेंद्रे आणि हुसेन यांच्यासारख्यांना शिकविले, तेथली मुलगी चित्रे काढून पोट भरते यात खरे तर नवल नाही. परंतु कागद नाही, रंग नाही, पाण्याची वाटी नाही, अशी चित्रकला आमच्या पिढीला पचायला वेळ लागतो. तिच्यासमोर एक काळी गुळगुळीत पाटी असते. तीवर ती लेखणीसारखे काही चालविते, आणि रेघ उमटते ती समोरच्या पडद्यावर. लेखणी दाबली की रेघ जाड, हलकी धरली की बारीक. वापरते तो ‘क्रिता’ नावाचा कार्यक्रम कोणालाही फुकट मिळतो, हे ऐकून आमच्यातील मुख्याध्यापक सुखावला.

आम्ही म्हणालो, “बाळ, शाळेसाठी एक वीज काढून दे.”

ती म्हणाली, “काका, वीज सगळ्यांत शेवटी. आधी गाव काढू, मग रात्र करू.”

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पोहे आणि चहा पुढ्यात घेऊन आम्ही तिच्या मागे खुर्ची टाकून बसलो. तिने प्रथम भर दुपारचे गाव काढले: शेत, बांध, एक झाड, दूरवर दोन-चार घरे. सारे लख्ख उन्हातले. मग या चित्रावर तिने एक गडद निळा थर पसरला. संगणकावरील चित्र म्हणजे एकावर एक ठेवलेल्या काचा असे समजावे. प्रत्येक काचेवर वेगळी वस्तू, आणि हवी ती काच उचलावी, सरकवावी, खालची जागच्या जागी राहते. या काचांना ती ‘लेयर’ म्हणते. खालच्या रंगांना गडद करणारा तो निळा थर पडताच दुपारची पावसाळी संध्याकाळ झाली. आमच्या डोळ्यांदेखत तीच झाडे, तीच घरे ओळखू येईनाशी झाली.

त्यावर तिने आणखी एक काच ठेवली आणि ती सबंध काळी करून टाकली. आता काहीच दिसेना. आम्ही म्हटले, झाले, सगळे गेले! तिने हसून त्या थराची रीत बदलली. ‘स्क्रीन’ नावाची एक रीत आहे. तीत त्या थरावरचे काळे ते पारदर्शक होते आणि उजळ ते खालच्या चित्रात प्रकाश होऊन मिसळते. काळी काच असूनही नाहीशी झाली. मग तिने त्या न दिसणाऱ्या काळ्यावर केसासारखी बारीक पांढरी रेघ ओढली, ढगापासून जमिनीपर्यंत. रेघेला फांद्या फुटल्या, फांद्यांना उपफांद्या. सगळ्या खाली झुकलेल्या, टोकाकडे निमुळत्या आणि फिकट. त्या रेघेची एक प्रत काढून ती किंचित धूसर केली आणि तिला निळसर जांभळा रंग दिला. दुसरी प्रत त्याहून अधिक धूसर, पसरट, धुक्यासारखी. तिन्ही एकावर एक बसताच गाभा पांढराशुभ्र आणि भोवती निळी आभा, अशी वीज पडद्यावर लखलखली. आमच्या हातातला पोह्यांचा चमचा तसाच राहिला हे कबूल करतो.

“जाड रेघ काढून तिला निळे केले असते तर?” आम्ही विचारले.

“मग ती ट्यूबलाइट झाली असती,” ती म्हणाली.

येथे आम्ही वाचलेले थोडे ज्ञान पाजळले. विजेचा खरा मार्ग अंगठ्याच्या जाडीइतकाच, दोन-तीन सेंटिमीटरांचा असतो. मात्र त्यातील हवा क्षणभर सुमारे ३०,००० अंशांपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. आपल्याला जी जाड दिसते ती वीज नव्हे, तिची आभा. आणि जमिनीकडे येणाऱ्या विजेच्या फांद्या खाली का झुकतात त्यालाही कारण आहे. ढगातून निघालेला अंधूक प्रवाह पन्नासएक मीटरांची एकेक ढांग टाकीत, वाट चाचपडत खाली येतो. चाचपडताना त्याला फाटे फुटत जातात. त्यांतला एक जमिनीजवळ पोहोचला की जमिनीवरच्या उंच वस्तूंतून, झाडाच्या शेंड्यातून, खांबातून, त्याला भेटायला बारीक ठिणगी वर निघते. दोन्ही मिळाली की लख्ख उजेड उलट खालून वर धावतो. ज्या फाट्याने जमीन गाठली तो खोड होतो, बाकीचे विझतात. म्हणूनच मधली रेघ प्रखर आणि फांद्या फिकट.

पुतणीने लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, “म्हणजे कोणत्या झाडावर पडायचे हे वरून ठरलेले नसते?”

“नसते. अखेरच्या शंभरएक मीटरांत ठरते,” आम्ही म्हणालो, आणि मग चहा घेण्याच्या निमित्ताने जरा आत गेलो.

परत आलो तेव्हा तिने दूरच्या आभाळात दुसरी वीज बसविली होती. ती पाहताना काहीतरी खटकले. दुसरी वीज पहिलीचीच लहान मूर्ती होती. तीच वळणे, तेच फाटे. विचारल्यावर तिने जीभ चावली. असे तयार शिक्के मिळतात, कंटाळा आला की चित्रकार तेच उमटवतात म्हणे. पाठ केलेला निबंध दोन वह्यांत सापडावा तसे झाले, आणि या बाबतीत मास्तरांची नजर सहसा चुकत नाही. दुसरी वीज पुसली गेली. तिच्या जागी नवी काढण्यासाठी तिने जी युक्ती वापरली ती मात्र आम्ही वहीत उतरवून घेतली. ढगापासून जमिनीपर्यंत एक सरळ रेघ घ्यावी. तिचा मध्य शोधून तो थोडा बाजूस ढकलावा; एकाच्या दोन रेघा झाल्या. त्या प्रत्येकीचा मध्य घेऊन तोही ढकलावा, परंतु पहिल्याच्या निम्मा. दोनाच्या चार, चारांच्या आठ, ढकलणे दर वेळी निम्मे. पाच-सहा फेऱ्यांत सरळ रेघेची हुबेहूब वीज होते. खेळांतल्या विजा यंत्र अशाच काढते. सुटीनंतर आम्ही ही युक्ती सातवीला फळ्यावर करून दाखविली. खडूने रेघ काढून झाल्यावर एका मुलाने आपण होऊन तीवर तळहात फिरविला. खडू पसरला आणि रेघेभोवती आभा उमटली. त्याला ‘लेयर’ कोणी शिकविले नव्हते. त्या दिवशी भूमितीच्या गुरुजींनी आमच्याकडे संशयाने पाहिले.

काळ्यावर उजळ रेघ. संगणकाची काळी काच, आमचा फळा. याहून जुनी एक काळी वस्तू आम्हांस आठवली, ती सोनाराची कसोटी. आमच्यापासून जवळच असलेल्या उज्जयिनीवर कालिदासाचा मेघ पोहोचतो तेव्हा रात्र इतकी दाट असते की प्रियकराकडे निघालेल्या स्त्रियांना राजमार्ग दिसत नाही. तेव्हा यक्ष मेघाला सांगतो की कसोटीवरील सोन्याच्या रेघेसारखी वीज चमकवून त्यांना भूमी दाखव, पण गडगडू नकोस, त्या भित्र्या असतात. रामटेकहून निघालेल्या त्या मेघाचा हा मुक्काम आम्ही वर्गात अनेकदा शिकविला आणि दर वेळी सोन्याच्या रेघेपाशी थांबून उपमेचे सौंदर्य सांगितले. कवीने वीज कशासाठी मागितली ती गोष्ट मात्र निसटत राहिली. त्याला वीज दाखवायची नव्हती. जमीन दाखवायची होती.

पहाडी शैलीच्या लघुचित्रांत याच अभिसारिका भेटतात. काळ्यानिळ्या आभाळात सोनेरी शाईने काढलेली सर्पाकृती वीज आणि वाटेवर खरेच साप. त्या विजेला फांद्या नसतात, नॅस्मिथसाहेबांनी तिलाही नापास केले असते. परंतु त्या चित्रकाराला विजेचे काम पक्के कळले होते. नायिकेचा चेहरा, तिच्या ओढणीची सोनेरी किनार आणि पायाजवळचा साप हे सारे आपल्याला दिसेल याची त्याने व्यवस्था केली होती.

पुतणी हेच निराळ्या शब्दांत सांगत होती. वीज पाच मिनिटांत काढली. तिचा उजेड पोहोचवायला दोन दिवस लागले. ढगाचे पोट आतून उजळले पाहिजे. झाडाची विजेकडची कड पांढरी, उरलेले सारे काळे. ओल्या वाटेवरच्या डबक्यात आभाळाचा तुकडा. घराच्या कौलांवर एकेक चकाकती रेघ. जे विजेसमोर नाही त्याला उजेड द्यायचा नाही, कितीही मोह झाला तरी. “उजेड खोटा पडला की वीज खोटी पडते, काका,” ती म्हणाली. एकदा तिने विजेची काच लपवून दाखविली. पडद्यावर वीज नव्हती, तरी ओली वाट, झाड, कौले यांच्याकडे पाहून कळत होते की या क्षणी कोठेतरी वीज चमकली आहे.

चित्र सुंदर झाले. इतके सुंदर की आम्ही अस्वस्थ झालो. मुले हे पाहतील आणि वीज पाहायला अंगणात धावतील! भीती कोठे आहे? आम्ही सांगितले की झाडाखाली एक मुलगा हवा. दप्तर घेतलेला, आठवीच्या वयाचा.

तिने आमच्याकडे एकवार पाहिले. तिला २०१९ ची हकीकत ठाऊक होती. काही न बोलता तिने नवीन काच घेतली आणि मुलगा काढला. पाठीवर दप्तर, दोन्ही हात छातीशी, चेहऱ्याच्या एका बाजूस निळापांढरा उजेड. त्याच्या पायांशी, वेगळ्या काचेवर, लांब काळी सावली. आता चित्रात भीती होती.

हे चित्र कागदावर छापून आम्ही शाळेत नेले. २०२३ च्या जानेवारीतली गोष्ट; प्रजासत्ताक दिनाची तयारी चालू होती. शिक्षककक्षात टेबलावर कागद पसरून आम्ही सहकाऱ्यांस दाखवीत होतो. सर्वांनी प्रशंसा केली. कोणी म्हणाले अक्षरे मोठी हवीत, कोणी म्हणाले झाडावर फुली हवी. तेवढ्यात मध्यान्ह भोजनाचा स्वयंपाक करणारी बाई हजेरीचा आकडा विचारायला आत आली. ती त्या मुलाची आई. २०१९ पूर्वीपासून ती आमच्या शाळेत भाकऱ्या, डाळ करते, रोज दिसते, आणि रोज दिसते म्हणूनच त्या क्षणी आमच्या ध्यानात आले नाही. कागद झाकायला आमचा हात पुढे झाला तोवर तिने पाहिले होते.

ती रडली नाही. बराच वेळ टेबलाशी उभी राहिली. झाडाकडे नव्हे, मुलाकडे पाहत होती. मग तिने चित्रातल्या घरांवर बोट ठेवले आणि म्हणाली, “इसे घर भेज दो, मास्साब.” इतके बोलून आकडा न घेताच ती स्वयंपाकघराकडे गेली.

त्या संध्याकाळी आम्ही इंदुरास फोन केला. पुतणी म्हणाली, “रविवारी या. मी एकटी करणार नाही.”

रविवारी पुन्हा तीच खुर्ची. तिने मुलाची काच निवडली, लेखणी टेकवली आणि त्याला झाडाखालून उचलून सरकवत नेले. शेतावरून, डबक्यावरून, वाटेवरून. खालचे काही पुसले गेले नाही, काही डागळले नाही. कागदावरच्या चित्रात हे झाले नसते. मुलगा घराच्या दारात जाऊन उभा राहिला. परंतु त्याची सावली झाडाखालीच राहिली. ती दुसऱ्या काचेवर होती. पुतणीने घाईने ती काच बंद करण्यास हात उचलला. आम्ही म्हटले, “थांब जरा.” ती थांबली. आम्ही ती सावली पाहिली. मग म्हटले, “कर बंद.”

काम तेवढ्याने संपले नाही. झाडाखाली असताना मुलाच्या गालावर पडलेला निळा उजेड दारात खोटा दिसू लागला. येथे आता दोन उजेड होते, मागून विजेचा आणि समोरून घरातल्या दिव्याचा पिवळा. मुलाला नव्याने काढावे लागले. शिवाय आमच्यातला मास्तर जागा झाला. विजांच्या वेळी दारात किंवा खिडकीपाशी उभे राहणेही योग्य नाही, आत गेले पाहिजे, आणि घर पक्के हवे. तेव्हा तिने त्याला पाठमोरा केला. एक पाय उंबऱ्याच्या आत, दुसरा उचललेला. दप्तराच्या कडेवर निळी बारीक रेघ, आणि केसांच्या पुढच्या बाजूस दिव्याचा पिवळा. चेहरा दिसत नाही. वीज आहे तेथेच, झाडावर. झाडाखाली आता ओली माती आहे आणि तीवर विजेचा उजेड पडला आहे.

अक्षरे थोडी ठेवली. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. तीस व्हायच्या आत ऐकू आला तर ताबडतोब घरात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नको. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात, हे सातवीला आधीच ठाऊक असते. तेथे त्याचा उपयोग होतो. पुण्याच्या उष्णकटिबंधीय मौसमविज्ञान संस्थेने केलेल्या ‘दामिनी’ या मोबाइलवरील सेवेचे नावही खाली घातले, कारण मोबाइल आता वस्त्यांवरही आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत २०१९ ते २०२२ या चारही वर्षांत विजेने गेलेल्यांची देशातील संख्या दर साली २,८०० च्या वर आहे आणि आमचे राज्य त्यात वरच्या रांगेत आहे. हा आकडा फलकावर घालावा असे एका सहकाऱ्याने सुचविले होते. आम्ही तो घातला नाही. मुलांना एकच मुलगा पुरे.

२०२३ च्या जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी फ्लेक्स चौकटीत चढला. नवीन सहावीला आम्ही पुन्हा तोच प्रश्न केला. एकाने सांगितले, “लड़का घर पहुँच गया.” दुसरा म्हणाला, “बाहर होता तो मर जाता.” डीपीचे नाव कोणी घेतले नाही. आणखी एक बदल झाला, तो फलकावर लिहिलेला नाही. आता पश्चिमेकडे काळे ढग दिसले की आम्ही शाळा सोडत नाही. मुले वर्गांत बसवून ठेवतो, उशीर झाला तरी. पालक फोन करतात, कधी रागावतात. एकदा सव्वासहा वाजले होते. स्वयंपाकाची बाई अशा दिवशी थांबते आणि सर्वांना चहा करते. तिला थांबण्यास आम्ही कधी सांगितलेले नाही. चित्राविषयी त्यानंतर ती एक शब्द बोललेली नाही. फाटकातून जाताना तिकडे पाहते की नाही, हेही आम्ही पाहत नाही.

फ्लेक्स उन्हात टिकत नाही. दोन उन्हाळ्यांत दिव्याचा पिवळा उडाला, आभाळ राखाडी झाले आणि त्याबरोबर वीजही मलूल दिसू लागली. पुतणी सध्या पुण्यात नोकरीस आहे, परंतु सगळ्या काचा तिने जपून ठेवल्या आहेत. तिला कळविले आहे की पावसाळ्यापूर्वी नवी प्रत पाठव. अक्षरे तीच राहू देत, दिवा तोच, फक्त आभाळ या खेपेस आणखी थोडे काळे कर.